जर्नीमन स्मिथचा दर्जा खान्देशात बसून मिळवायचा तर

प्रश्न असा आहे: चोपडा तालुक्यातला २४ वर्षांचा मुलगा, घरची लोहारकी. वडिलांच्या हाताखाली विळे, कोयते, कुऱ्हाडी, वखराच्या पासा करतो. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचा 'जर्नीमन स्मिथ' हा दर्जा हाताने घडवलेल्या चाकूंवर मिळतो हे त्याला कळलंय. इथे राहून ते जमेल का, पोलाद कोणतं घ्यावं, सराव कसा करावा, असं तो विचारतो. शेवटी एक ओळ जोडलीय, "वडील म्हणतात हे कागदाचं खूळ आहे, त्यांना काय सांगू?"

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांपुढे गेली, आता स्वतःच्या शेडमध्ये चाकू घडवतो. शिकायला येणाऱ्या पोरांच्या पात्यांना याच सोसायटीच्या कसोट्या लावतो, कारण इतक्या सरळ आणि निर्दय कसोट्या दुसऱ्या कुठे पाहिल्या नाहीत.

जमेल. पण तू ज्या गोष्टीचा सराव करायला निघाला आहेस ती चुकीची आहे. तुझ्या प्रश्नात अर्धा मजकूर घणाबद्दल आहे: पॉवर हॅमर घेऊ का, ऐरण किती किलोची हवी. लोहाराच्या घरात वाढलेल्या पोराला घडाईत कोणी नापास करत नाही. नापास होशील तो पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्यात, आणि कानस-पॉलिश पेपरात. पुढची तीन वर्षं तिथे घाल. ऐरण आहे ती पुरे.

आधी परीक्षा काय आहे ते नीट समजून घे. विल्यम मोरन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ साली ही सोसायटी काढली. त्या काळात अमेरिकेत चाकू करणारे बहुतेक लोक तयार पट्टी कापून, घासून चाकू करत. तापवून घडवणारे फार थोडे उरले होते. मोरन यांनी १९७३ मध्ये थरांच्या दमास्कस पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि लोकांचं लक्ष पुन्हा भट्टीकडे वळलं. सोसायटीत तीन पायऱ्या आहेत: अप्रेंटिस, जर्नीमन, मास्टर. सभासद झाल्यावर तीन वर्षं अप्रेंटिस म्हणून काढायची, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला तर दोन, मग जर्नीमनच्या परीक्षेला बसता येतं. जर्नीमन होऊन आणखी दोन वर्षं गेली की मास्टरचा रस्ता खुला. तिथे किमान ३०० थरांचं पातं आणि क्विलन डॅगर (आडव्या गार्डचा दुधारी खंजीर) लागतो; ते आत्ता डोक्यातून काढ. नियम अधूनमधून बदलतात, फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली स्वतः वाच.

जर्नीमनचे दोन भाग. पहिला कामगिरीचा, कोणत्याही मास्टर स्मिथसमोर देता येतो. तू स्वतः घडवलेला, एकाच पोलादाचा चाकू न्यायचा. पातं १० इंचांपेक्षा लांब नको, २ इंचांपेक्षा रुंद नको, एकूण लांबी १५ इंचांच्या आत. त्याने चार गोष्टी कराव्या लागतात, आणि त्याच क्रमाने. वरून मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा मनिला दोर, खालच्या टोकापासून साधारण ६ इंचांवर, एका घावात तोडायचा. मग दोन-बाय-चारची लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची. धारेला खाच, चपटेपणा, वळलेली कड काही दिसता कामा नये. मग त्याच धारेने, आणि जिथे लाकडाचा मार बसला तिथल्याच भागाने, हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी पातं शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचं. धारेला बारीक भेग गेली तर चालते, पण तुकडा पडला की घरी जायचं. वाकलेलं पातं परत सरळ यायलाच हवं अशी अट नाही.

दुसरा भाग पाच चाकूंचा. ते मास्टर स्मिथच्या मंडळापुढे टेबलावर ठेवायचे. हे परीक्षण मुख्यतः अटलांटाच्या जूनमधल्या ब्लेड शोमध्ये होतं. तिथे कोणी काही तोडत नाही, फक्त बघतात. या बघण्यात जास्त लोक पडतात.

आता त्या चार कसोट्या एकत्र ठेवून बघ. केस उतरवायला धार कडक लागते. ९० अंश वाकायला पातं मऊ लागतं. दोन्ही एकाच पात्यात, एकाच पोलादात हवं. म्हणजे धार एका कडकपणाची आणि पाठ दुसऱ्या. परीक्षेची गोम एवढीच आहे, बाकी सगळं त्याभोवतीचं.

आणि गंमत बघ, ही गोष्ट तुझ्या घरात रोज होते. कोयत्याला पाणी देताना वडील पूर्ण पातं बुडवत नाहीत. धार तेवढी बुडवतात, बाहेर काढतात, विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करतात आणि थांबतात. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकते. चकाकीवर आधी फिकट पिवळा येतो, मग गव्हाळ, मग तपकिरी. हवा तो रंग धारेला पोचला की परत पाण्यात. आमच्याकडचे एक म्हातारे लोहार याच क्षणी म्हणायचे, "घाई नको करू भो, रंग येऊ दे." अमेरिकेत ज्याला एज क्वेंच म्हणतात आणि ज्यासाठी पैसे भरून लोक शिकतात ते हेच. तुला फक्त त्यात माप आणायचं आहे, कारण कोयत्यात वीस अंश इकडे-तिकडे खपतात, इथे खपत नाहीत.

पोलादाचं सांगतो. तुम्ही कमानीचे पाटे वापरता. धुळ्यात आग्रा रोडला ट्रकच्या कमानी करणारे पूर्वीपासून आहेत, त्यामुळे खान्देशातल्या निम्म्या कोयत्यांचा जन्म ट्रकखाली झालेला असतो. कमानीचं पोलाद या परीक्षेला वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. अमेरिकन लोक या परीक्षेला ५१६० वापरतात ते कमानीचंच पोलाद: कार्बन ०.५६ ते ०.६४ टक्के, थोडा क्रोमियम. आपल्याकडे त्याच्या जवळचं एसयूपी ९. ईएन ४५ ही कमानीचंच, पण त्यात क्रोमियमऐवजी सिलिकॉन-मँगेनीजचा जोर. दोन्ही चालतात, माझी पसंती एसयूपी ९ ला. सिलिकॉनच्या पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन भट्टीत लवकर जळतो, आणि वरचा तो मेलेला थर घासून काढला नाहीस तर धार कितीही घास, पेपर कापणार नाही.

पण जुना पाटा परीक्षेला घेऊ नकोस. लाखभर किलोमीटर हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात. सरावालाही जुना घेतलास तर आधी रॉकेलची चाचणी कर: पाटा वायर ब्रशने साफ कर, रॉकेलमध्ये तासभर ठेव, कोरडा पूस, वरून खडूची पूड चोळ. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत वर येतं आणि केसाएवढी ओली रेघ उमटते. परीक्षेच्या पात्याला मात्र कमान कारखान्यातला नवा तुकडा किंवा मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेटसह पट्टी घे. एकदम एकाच लॉटची घे आणि संपेपर्यंत तीच वापर. दर वेळी वेगळं पोलाद घेणाऱ्याला कळतच नाही की पातं पोलादामुळे गेलं की हातामुळे.

एक इशारा. भुसावळच्या आसपास भंगारात रुळाच्या क्लिपा मिळतात, ज्यांना लोक पॅन्ड्रोल क्लिप म्हणतात. पोलाद उत्तम, ५५ एसआय ७, स्प्रिंगचं. हात लावू नकोस. रेल्वेची मालमत्ता बाळगणं हाच १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि "भंगारवाल्याने दिलं" हे सांगून सुटका होत नाही.

आता पाणी. इथे सावकाश वाच.

घडाई झाली की पातं तीनदा नॉर्मलाइज करायचं: तापवायचं आणि स्थिर हवेत काळं होईपर्यंत टांगून ठेवायचं. पहिल्यांदा साधारण ८७० अंश सेल्सिअस, मग ८४०, मग ८०० च्या आसपास, दर वेळी थोडं खाली. घणाखाली पोलादाचा दाणा (आतले बारीक स्फटिक) मोठा झालेला असतो, तो या तीन फेऱ्यांत बारीक होतो. कोयत्याला ही पायरी कोणी करत नाही, कारण कोयता ९० अंशांत कोणी वाकवत नाही.

मग कडक करण्याचा ताव. एसयूपी ९ ला सुमारे ८३० ते ८४५. चुंबक धरू नये इतकं तापलं की पाणी द्या, असं सगळे सांगतात. अपुरं आहे. चुंबकत्व ७७० अंशांना जातं, म्हणजे तुला अजून साठ-सत्तर अंश वर जायचं आहे. घरचं मीठ इथे कामाला येतं: ते ८०१ अंशांना वितळतं. चुंबक सुटल्यावर चिमूटभर मीठ पात्यावर टाक. दाणे पाझरून काचेसारखा ओघळ झाला की ८०० ओलांडलं, तिथून रंगाची अगदी एक छटा वर. शक्य असेल तर के-टाइप थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजायची तार) आणि मीटर घे, आणि मीठ-चुंबकाने डोळा तयार झाल्यावरही ते चालू ठेव.

हे काम उन्हात करायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी शेडमध्येसुद्धा इतका उजेड असतो की ९०० अंशांचं पातं ८०० चं वाटतं, आणि पोरं पाती जाळतात. दिवे मालवून, सूर्य बुडाल्यावर बस. अंधारात एक गोष्ट दिसेल जी दिवसा कधी दिसत नाही: पातं तापत असताना त्याच्यावरून एक काळसर सावली सरकत जाते. कडा आधी उजळतात, मधला जाड भाग मागे राहतो, सावली आकसत पाठीकडे जाते आणि नाहीशी होते. पोलाद आतून बदलताना धग पिते, त्याची ती सावली. ती पूर्ण गेली आणि रंग टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा झाला, की पातं तयार. ही सावली ओळखता आली की अर्धी परीक्षा झाली असं मी पोरांना सांगतो.

एकसारखा ताव कोळशाच्या उघड्या भट्टीत मिळत नाही, टोक आधी जळतं. चार इंची लोखंडी पाइपचा फूट-दीड फूट तुकडा भट्टीत आडवा घाल, भोवती कोळसा रच, पाइप लाल झाला की पातं त्याच्या पोटात ठेव. पातं निखाऱ्याला शिवत नाही, ताव भिंतींकडून येतो. लोणारी कोळसा असेल तर उत्तम, दगडी असेल तर आधी धूर पूर्ण जाऊ दे.

पाणी मात्र पाण्यात देऊ नकोस. या पोलादाला पाण्यात 'टिक्' असा आवाज येतो आणि तो आवाज भेगेचा असतो. तेल घे. क्वेंचिंग ऑइल मिळालं तर सर्वांत बरं; नाही तर शेंगदाण्याचं तेल चालतं, महाग पडतं आणि काही महिन्यांत खवट होतं. इंजिनचं जळकं तेल नको, त्याच्या धुराने छाती जाते. तेल ५० ते ६० अंश गरम हवं. मेमध्ये ते निम्मं आपोआप तापलेलं असतं, पण डिसेंबरात पहाटे धुळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तेल घट्ट होतं आणि पातं मऊ राहतं. थंडीत आधी लोखंडाचा एक तापलेला तुकडा तेलात बुडव. झाकण हाताशी ठेव, तेल पेटतं.

पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये तेल घे, आत पट्टी ठेवून धार तिच्यावर टेकेल अशी उंची कर की पात्याचा खालचा तिसरा भागच बुडेल. पातं आडवं धर, धार खाली, हळूच पुढे-मागे. पाठीचा लाल रंग गेला की पूर्ण बुडव. गार झाल्यावर धारेवर कानस फिरव: घसरली, चावली नाही, तर कडक झालं. लगेच, त्याच संध्याकाळी, ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, गार कर, परत दोन तास. घरगुती ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, आत वेगळा थर्मामीटर ठेव आणि खाली फरशीचा तुकडा, म्हणजे ताव वरखाली होत नाही. पाठ पुरेशी मऊ वाटली नाही तर धार पाण्याच्या ताटलीत ठेवून पाठीवरून गॅसची ज्योत फिरव, पाठ निळी होईपर्यंत, म्हणजे ३०० च्या आसपास. मी हे तीनदा करतो.

धार लावल्यावर पितळी सळईची परीक्षा घे. सहा मिलिमीटरची सळई शिकंजात आडवी, तिच्यावर धार साधारण पंधरा-वीस अंशांत दाबून सरकव. धार किंचित लवताना दिसेल. परत सरळ आली तर बरोबर. कपची उडाली तर कडक राहिली, पुन्हा ओव्हनमध्ये थोड्या जास्त अंशांवर. वाकलेली राहिली तर मऊ, पुन्हा भट्टीत.

मग पातं मोड. हो, मुद्दाम. सुरुवातीची सगळी पाती मोडण्यासाठीच कर. त्यांना मूठ बसवू नकोस, पॉलिश करू नकोस, घडव, पाणी दे, धार लाव, दोर-लाकूड कर, शिकंजात वाकव आणि तुटलं तर तुटलेली कड, म्हणजे मोड, भिंगाखाली बघ. चांगल्या पात्याची मोड करडी, गुळगुळीत, दाणा डोळ्याला दिसतच नाही. खराब पात्याची मोड खडीसाखरेसारखी चमचमते; ताव जास्त झाला किंवा नॉर्मलाइज नीट झालं नाही. मोडीत एका बाजूला काळा डाग असेल तर तिथे आधीपासून भेग होती, तुझ्या पाण्याला दोष नको देऊ. प्रत्येक मोडीला चिठ्ठी बांध: पोलाद, ताव, तेल, ओव्हन. वडिलांना मोडलेली पाती बघवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण एकही पातं न मोडता परीक्षेला जाणाऱ्याला आपलं पातं आतून कसं आहे हे तिथे, परीक्षकासमोरच कळतं.

वाकवण्याबद्दल एक हिशोब ध्यानात ठेव. पट्टी वाकते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आणि ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. शिकंजात टोकाकडचा भाग धरतात. म्हणून पातं मुठीजवळ ६ मिलिमीटर असलं तरी टोकाकडे निमुळतं होत ३ च्या आत आलं पाहिजे. सुरुवातीला सगळे जाड पातं नेतात, वाटतं जाड म्हणजे मजबूत. जाड पातंच आधी तडकतं.

दोराला मनिला आपल्याकडे सहज मिळत नाही; घायपाताचा नवा, एक इंची दोर घे, तो बराच जवळचा. काथ्याचा सैल असतो, त्यावर सराव झाला तर खोटा आत्मविश्वास येतो. दोर ताकदीने तुटत नाही. मनगटाचा वेग आणि शेवटी पातं आपल्याकडे ओढण्याने तुटतो.

लाकडाच्या बाबतीत बरीच पोरं बाभळीवर सराव करून धार जाड करून बसतात. त्यांची दोन-बाय-चार म्हणजे प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांची पाइन-फरसारखी मऊ फळी. एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांत येतात त्यातल्या पाइनच्या पट्ट्या मागून आण, माप तेच कापून घे. दोन्ही बाजूंनी तिरके घाव, मधून चिपा उडाल्या पाहिजेत. उभे घाव घालून काही होत नाही. सराव करताना समोर कोणी उभं राहू देऊ नकोस आणि मूठ हलते का ते आधी बघ.

आता पाच चाकू. इथे लोहाराची सवय आड येते. कोयता चालला म्हणजे झाला ही आपली रीत, आणि ती कोयत्याला बरोबर आहे. परीक्षक मात्र चाकू उचलतो, दिव्यापुढे गार्ड (मूठ आणि पात्यामधला आडवा तुकडा) आणि पात्याच्या सांध्यातून उजेड येतो का बघतो. आला की पुढचं बघायची गरज नसते. मग पाठीवरून नजर टाकतो: मूठ पात्याच्या रेषेत आहे का. दोन्ही बाजूंची घासाई जिथे सुरू होते ती रेघ समोरासमोर आहे का. मग ओरखडे.

सांधा बसवायला फिटर लोकांकडून शीक. ते निळा रंग लावून दोन भाग एकमेकांवर दाबतात. जिथे रंग उमटला तिथे उंचवटा. तेवढाच बारीक कानशीने काढायचा, परत रंग, परत दाब. दिवसभर एका गार्डवर गेला तरी जाऊ दे. दिव्याची काजळीही चालते.

पॉलिशला मशीन बंद. १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ४००, पोलादाच्या ठोकळ्यावर गुंडाळून. प्रत्येक नंबर वेगळ्या तिरकेपणाने घास, म्हणजे आधीच्या नंबरचा एखादा ओरखडा राहिला तर तो आडवा उठून दिसतो. शेवटचा ४०० लांबीच्या दिशेने, एकाच ओढीत, मागे-पुढे न करता. मग पातं ट्यूबलाइटखाली धरून हळूच तिरकं कर. पात्यावर ट्यूबची पांढरी रेघ पडते. ती सरळ धावली तर पृष्ठभाग सपाट. मध्येच वळली, फुगली, तुटली, तर तिथे खड्डा आहे, मग परत १२० वर. हा प्रकार इतका कंटाळवाणा आहे की पुष्कळ चांगले घडवणारे इथेच थकतात.

डिझाइन साधी ठेव. थरांचं पोलाद जर्नीमनला चालत नाही. नक्षी, जडाव, कोरीव काम यांचे गुण मिळत नाहीत, उलट चूक करायला जास्त जागा मिळते. पाचही चाकू एकसारखे नकोत, एवढं बघ.

मुठीला आपल्याकडचं लाकूड वापर. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन जड, काळपट-तांबूस, पॉलिशला अप्रतिम. बाभूळ, धावडाही उत्तम. शिसवी टाळ, ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे, परदेशी नेताना कागदांची झंझट. सांबर-चितळाचं शिंग तर मुळीच नको, जंगलात गळून पडलेलं असलं तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे. एक गोष्ट मात्र परदेशी लोक तुला सांगणार नाहीत: खान्देशात उन्हाळ्यात कोरडं झालेलं लाकूड अटलांटाच्या जूनमधल्या दमट हवेत फुगतं. इथे गार्डशी हाताला न जाणवणारा सांधा तिथे उंबरठा होतो. लाकूड दोन पावसाळे काढलेलं घे, आणि मूठ पूर्ण झाल्यावर आतून-बाहेरून नीट तेल पाज किंवा सील कर.

कायद्याचं बोलायला हवं, कारण तुझ्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय, औद्योगिक कामाची हत्यारं तेवढी वगळली आहेत. तुझा केळीचा कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटतो. परीक्षेच्या चाकूला शेतीचं अवजार म्हणणं अवघड. सोसायटी १० इंचांपर्यंत परवानगी देते म्हणून १० इंच करू नकोस. पातं पावणेनऊ इंच, रुंदी पावणेदोन. दोराला, लाकडाला एवढं पुरतं. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागतो, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू नेणंच बंद असतं. एसटीत पिशवीत चाकू घालून जाऊ नकोस. कुलूपबंद पेटी, सोबत बिल आणि आपलं ओळखपत्र. विमानात फक्त चेक-इन सामानात.

कामगिरीची परीक्षा अमेरिकेतच द्यायला हवी असं नाही. मास्टर स्मिथ दक्षिण आफ्रिकेतही आहेत. पण पाच चाकूंसाठी परदेशवारी टळत नाही, आणि हा सगळ्यांत मोठा खर्च. त्यासाठी कर्ज काढू नकोस. हे ठासून सांगतो. या दर्जाला आपल्या देशात सरकारी किंमत नाही, कोणता कारखाना त्यावर नोकरी देत नाही. त्याची किंमत चाकू जमवणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांत आणि स्वतः चाकू करणाऱ्यांत आहे.

सरकारी कागद हवाच असेल तर तो वेगळा आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात लोहार आहे, अस्त्रकार आहे, हातोडा व अवजार संच करणारेही आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांचा अवजारांचा संच, पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. पण कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. तुझं लग्न झालं नसेल तर तू किंवा वडील, एकानेच अर्ज करायचा. माझ्या मते वडिलांच्या नावाने करा, भट्टी त्यांची आहे.

आणि वडिलांना सांगायचं ते हे. खूळ ते कागदाला म्हणतात, आणि कागदापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण ताव मोजायला शिकलास, तीनदा नॉर्मलाइज केलंस, तेल ६० अंशांवर ठेवलंस, की त्याच भट्टीतून निघणारा कोयता वेगळा होतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याला दिवसात दोनदा धार लावावी लागते, ती एकदाच लावावी लागली तर तो पुढच्या हंगामात दार विचारत येतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतले आचारी हाताने घडवलेल्या सुरीला चांगला भाव देतात, आणि ते सोसायटीचा शिक्का मागत नाहीत, धार किती टिकते ते विचारतात. तीन वर्षं हे कर. तेवढ्यात सुऱ्यांच्या कमाईतून तिकिटाचे पैसे साठले तर अटलांटाला जा. नाही साठले तर दर्जा थांबेल, धंदा थांबणार नाही.

सभासदत्वाचा अर्ज मात्र आजच कर, कारण तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. आणि भट्टीपाशी बसण्याआधी मास्क घे. ग्राइंडरची धूळ आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर, दोन्ही घातक. वर सांगितलेला चार इंची पाइप घेताना तो काळाच घे, जीआय नको.

पहिलं पातं मोडलंस की मोडीचा फोटो पाठव. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढ, फ्लॅश नको, बाजूला स्टीलची पट्टी ठेव म्हणजे दाण्याचा अंदाज येईल, आणि चिठ्ठीवरचे आकडे सोबत लिही.